क्रेटच्या पलीकडे

टीव्ही काळा झाला तेव्हा क्रेटमधलं थोरलं पिल्लू जाळीच्या फटीतून पंजा बाहेर काढायची खटपट करत होतं. मी त्याच्याकडेच बघत होते. भिंतीवरच्या स्टार्टरचा खटका पडला, विहिरीत मोटार घुमायला लागली, डोक्यावरचा बल्ब मंदावला आणि पडद्यावरचं पिल्लू, क्रेट, मागचं मोकळं रान, सगळं एकदम गेलं.

मी उठून स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटार थांबली. बल्ब पुन्हा नीट पेटला. जरा वेळाने टीव्हीच्या कोपऱ्यातला बारीक दिवा लागला, पडदा उजळल्यासारखा झाला. चित्र मात्र आलं नाही.

बाहेर दिवस मावळून गेला होता. पंपघराच्या मागच्या खिडकीतून बघितलं तर ऊस कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. वनरक्षक गवारी मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या, ती बहुतेक याच वेळेला येते.

ती म्हणजे पिल्लांची आई. सावरदऱ्याच्या आमच्या मळ्यात त्या दिवशी ऊसतोड चालू होती आणि तोडीवरच्या एका बाईला पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, बिबट्याची दोन पिल्लं दिसली. जुन्नर तालुक्यात हे नवीन नाही. बिबट्याची मादी उसाला जंगलच समजते आणि तिथेच पिल्लं घालते. अशी पिल्लं सापडली की ती दूर कुठे न्यायची नसतात. तपासून, संध्याकाळी त्याच जागी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची. अंधार पडला की आई येते, क्रेट पाडते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. माणसांनी फक्त लांब राहायचं आणि कॅमेऱ्यातून नजर ठेवायची.

वनखात्याचा कॅमेरा त्या दिवशी दुसऱ्या गावात अशाच कामावर गेला होता. माझ्याकडे एक होता. म्हणजे मुळात माझ्याकडे एक मिनी कॉम्प्युटर होता, पत्त्यांच्या जोडाएवढा उघडा बोर्ड. हौशी माणसं त्यावर काहीबाही जुळवून बघतात, तसला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना घेतलेला. आमची एक कालवड बिबट्याने नेली त्यानंतर मी त्याला अंधारात बघणारा एक कॅमेरा जोडून गोठ्यावर लावला होता. मॅडमना गावातून कुणीतरी ते सांगितलं. त्यांनी येऊन सगळं बघितलं आणि विचारलं, ताई, एका संध्याकाळपुरता मळ्यात लावता येईल का?

म्हणून पंपघरात आमच्या घरचा टीव्ही आला, एका फळीवर बसला. शेजारी बोर्ड. बोर्डापासून निघालेली लांब वायर मागच्या खिडकीतून बाहेर, तोडलेल्या रानातून पाचटावरून क्रेटपर्यंत, आणि क्रेटला वळसा घालून उभ्या उसाच्या कडेला रोवलेल्या बांबूपर्यंत. कॅमेरा त्या बांबूला होता, तोंड आमच्याकडे. त्याला त्याची स्वतःची बॅटरी होती. पडद्यावर मध्ये क्रेट दिसायचा आणि त्याच्यामागे पंपघराच्या बाजूचं मोकळं रान.

काम एवढंच होतं: ती आली की मी मॅडमना फोनवर एक शब्द पाठवायचा. मॅडम रस्त्यावर बघ्यांना थोपवून उभ्या होत्या. माझा शब्द गेला की त्यांनी तोडीवाल्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, निरोप द्यायचा, की पोरं आत घ्या, कुणी हलू नका. कोप्या क्रेटपासून फार लांब नव्हत्या. तिथली पोरं अंधार पडल्यावरही चुलींभोवती उघड्यावर खेळत असत.

आणि आता पडदा काळा होता.

मला एकटीला मळ्यात बसू द्यायला माझ्या सासूबाई तयार नव्हत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. माझे यजमान, नवनाथ, चाकणला कंपनीत होते, त्यांची दुसरी पाळी होती. म्हणून आत्यांनी मामांना माझ्यासोबत पाठवलं. गेनभाऊ औटी. उंच, वाळका माणूस, डोक्याला पांढरी टोपी. दिवस कलल्यापासून ते पंपघराबाहेर बाजेवर बसून होते, माझ्याकडे पाठ करून.

त्यात राग नव्हता. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्नाचं चौथं वर्ष चालू होतं आणि मी मामांशी एकही शब्द बोलले नव्हते, तेही माझ्याशी नाही. त्यांना चहा हवा असला तर ते आत्यांना सांगत. मला काही कळवायचं असलं तर मी आत्यांना सांगे, मामा शेजारी बसलेले असले तरी. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना मामा म्हणे ते दुसऱ्यांशी बोलताना. सुरुवातीला मला हे जड गेलं, मग सवय झाली.

मोटारीचा आवाज होऊन थांबला तसे ते उठून दारात आले. मी पाहिलं नाही. चपला वाजल्या आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. ते दारात उभे राहून काळ्या पडद्याकडे बघत असणार. मग त्यांनी बोर्डापासून खिडकीपर्यंत गेलेली वायर बघितली असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. चपला पुन्हा वाजल्या आणि लांब गेल्या. मला वाटलं, मोटार बघायला विहिरीकडे गेले.

मी बोर्डावर वाकले.

मोटार का सुरू झाली ते कळलं होतं. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट ठरावीक वेळीच येते. ती आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. तो बंद करायचं आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मोटारीने सुरू होताना सगळी लाईट ओढून घेतली आणि बोर्ड बंद पडला. इथवर ठीक होतं. पण लाईट आल्यावर बोर्ड पुन्हा चालू व्हायला हवा होता.

त्यावर दोन दिवे असतात. लाल दिवा म्हणजे वीज मिळतेय. तो लागलेला होता. हिरवा दिवा म्हणजे बोर्ड मेमरी कार्ड वाचतोय. तो विझलेला होता. मला वाटलं, कार्ड हललं. भिंतीवरचं बटण बंद केलं, नखाने कार्ड काढलं, पदराने पुसलं, पुन्हा नीट बसवलं आणि बटण चालू केलं. हिरवा दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. कार्ड चांगलं होतं. पडदा काळाच.

टीव्हीची वायर काढून पुन्हा खोचली. काळाच.

कोप्यांच्या बाजूने एका पोराचा हसण्याचा आवाज आला. मॅडमना फोन करावा का, असं मनात आलं. फोन करून काय सांगणार, तर मला काही दिसत नाही. तेवढ्यात ती आली असेल तर आत्ता कुठे असेल हेही कुणाला कळणार नव्हतं. मी पुन्हा बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. लाल दिवा, हिरवा दिवा, काळा पडदा.

तिसऱ्या खेपेला माझं लक्ष टीव्हीकडे गेलं. बटण चालू केलं की बोर्डाचा हिरवा दिवा लगेच लुकलुकत होता. टीव्हीचा दिवा मात्र बऱ्याच वेळाने लागत होता. दोन्ही मी एकाच बटणावर जोडले होते. बोर्ड जागा होताच पडद्याला शोधत होता, पडदा अजून झोपेत असल्याने त्याला सापडत नव्हता, आणि मग बोर्ड चित्र पाठवायचं सोडून देत होता. कशातच बिघाड नव्हता.

मी टीव्ही चालूच ठेवला आणि फक्त बोर्डाची पिन उपटून पुन्हा लावली. काही अक्षरं सरकली. मग पडदा राखाडी झाला आणि चित्र आलं.

क्रेट जागेवर होता. झाकण शाबूत. आत दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती आणि हलत नव्हती. मघाशी एवढी खटपट करणारी पिल्लं इतकी गप्प का, हे माझ्या डोक्यात यायच्या आत चित्राच्या खालच्या कडेला मला दोन कान दिसले.

पाठमोरे कान. त्यांच्या मागे खांद्याचा उंचवटा, ठिपके, आणि पाचटावर सरळ पसरलेली शेपूट. ती कॅमेऱ्याच्या पुढ्यातच, क्रेटच्या या बाजूला, पोट जमिनीला लावून पडली होती. ती पिल्लांकडे बघत नव्हती. क्रेटच्या वरून पलीकडे बघत होती.

पलीकडे, मोकळ्या रानात, एक पांढरी टोपी हलत होती.

मामा वायर तपासत येत होते. पडदा गेला म्हणजे पलीकडच्या टोकाला घुशीने वायर कुरतडली असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. दुसरं कुणी पंपघरात असतं तर त्यांनी विचारलं असतं, निदान जाऊन बघतो म्हणून सांगितलं असतं. मी होते, म्हणून ते न सांगता गेले. बॅटरी लावायची नाही, आवाज करायचा नाही, ही मॅडमची ताकीद त्यांनी तंतोतंत पाळली होती. वायर हाताने चाचपत, चार पावलं टाकायची, वाकायचं, पुन्हा चार पावलं टाकायची, असे ते क्रेटकडे चालले होते. प्रत्येक वेळी वाकले की मादीची शेपूट टोकाशी हलायची.

सकाळी बांधावर सगळ्यांना उभं करून मॅडमनी सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवलं. उभ्या माणसाच्या अंगावर बिबट्या सहसा जात नाही. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. चुकून समोर आलाच तर ताठ उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात बोलायचं, मागे मागे सरकायचं. ओरडायचं नाही, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही.

मामांचा फोन बाजेवर होता. मी मॅडमना 'आली' एवढा शब्द पाठवला आणि टीव्ही फळीवरच फिरवून खिडकीजवळ ओढला, म्हणजे गजांना तोंड लावून उभं राहिलं तरी पडदा दिसेल. खिडकीतून बाहेर मला काहीच दिसत नव्हतं. पडद्यावर टोपी क्रेटच्या अगदी जवळ आली होती. ते पुन्हा वाकायला लागले.

तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. भीतीने असेल, किंवा त्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते म्हणून असेल. मी गज घट्ट धरले.

"मामा, वाकू नका."

ते अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबले. मादीचे कान पुढे झाले.

"सरळ उभे राहा. हळू. एकदम नको."

टोपी सावकाश वर गेली.

"क्रेटच्या पलीकडे ती बसलीये. तुमच्याकडे बघतीये. मला इथं दिसतंय. तुम्ही उभे आहात तोवर काही करणार नाही."

हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. ते हातात वायर धरून नुसते उभे राहिले. मी माझा आवाज जिथे होता तिथेच ठेवायचा प्रयत्न करत होते, वर चढू न देता, जसा आत्यांशी परसात बोलताना असायचा तसा.

"मामा, बोला काहीतरी. मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या ना. माणूस आहे हे तिला कळलं पाहिजे. माझा आवाज लांबून येतोय, तुमचा जवळून गेला पाहिजे."

मादीने पुढचा एक पाय अंगाखालून काढला आणि पुढे टेकवला.

"मामा, बोला."

"काय बोलू?"

त्यांचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला. घरात तो नेहमी दुसऱ्या कुणासाठी असायचा.

"काहीही बोला. आणि मागे सरका. पाठ फिरवू नका."

त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. पाचट वाजलं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "टीव्ही का गेला व्हता?"

"मोटार ऑटोवर चालू झाली. तिनं लाईट ओढली. कॉम्प्युटर बंद पडला."

"मोटार तर तू लगीच बंद केलीस."

"केली. मग लाईट आली. कॉम्प्युटर लगेच उठला, टीव्ही उशिरा उठला."

"जुना हाये तो." आणखी एक पाऊल.

"कॉम्प्युटर उठल्या उठल्या टीव्हीला शोधतो. नाही सापडला तर चित्र पाठवतच नाही."

"नुसता गप बसतो?"

"नुसता गप बसतो. मला वाटलं कार्ड बिघडलं."

"मला वाटलं घुशीनं वायर खाल्ली."

"थांबा. मामा, थांबा. ती उठली."

ते थांबले. ती उठली होती आणि पडद्यावर एकदम मोठी दिसायला लागली होती. तिच्या पाठीमागे क्रेटही झाकला गेला. टोपी दिसेनाशी झाली. मग ती पुढे सरकली, क्रेटपाशी गेली, पुढचे दोन्ही पंजे तिने झाकणावर ठेवले आणि मान वर करून पलीकडे बघितलं. तिच्या बाजूने टोपी पुन्हा दिसायला लागली. आतलं एक पिल्लू ओरडलं. ते मी पडद्यावर पाहिलं आणि जराशाने खिडकीतून ऐकलं, मांजराच्या पिल्लाचा असतो तसला आवाज.

मामांनीही तो ऐकला. मी सांगायच्या आधीच ते बोलायला लागले, पण माझ्याशी नाही.

"न्यायला आलीस तर ने बाई तुझी लेकरं. आम्हाला काय करायचीत? कुणी हात न्हाई लावला. सकाळधरनं दूध न्हाई त्यांच्या पोटात. घे अन् जा."

असं बोलत बोलत ते मागे सरकत होते. मी त्यांना डावीकडे, उजवीकडे सांगत होते, कारण मागे उसाच्या बुडख्यांच्या रांगा होत्या. ती क्रेटवर पंजे ठेवून तशीच होती. मला पहिल्यांदा वाटलं, होईल.

आणि मामांचा पाय अडकला. पडद्यावर ते झोकांडले, एक हात हवेत गेला, आणि पडदा काळा झाला.

या वेळी मला बोर्डाकडे बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. लाल दिवा चालू. हिरवा लुकलुकत होता. टीव्ही चालू. पलीकडच्या टोकाला कॅमेऱ्यातून वायर निघाली होती. माझ्या हातात दुरुस्त करण्यासारखं आता काहीच राहिलं नव्हतं.

"मामा."

"हां."

ते पडले नव्हते. आवाज उभ्या माणसाचा होता.

मी चित्र गेलं म्हणून सांगितलं असतं तर ते पळाले असते. त्यांच्या जागी असते तर मीही पळाले असते. आणि सांगितलं नाही, तर मला काहीतरी सांगत राहावं लागणार होतं, आणि मी जे सांगेन त्यावर ते पाय टाकणार होते.

"ती आहे तिथंच," मी म्हणाले. "क्रेटवर पंजे आहेत. तुमच्याकडे बघत नाहीये. या मागे. हळूहळू."

"बरं."

"बोलत राहा."

"काय बोलू आता?"

"आपली विहीर कुणी खोदली?"

ते सांगायला लागले. बापाने खोदायला घेतली, चुलत्याने सुरुंगाला माणूस आणला, पाणी लागलं तेव्हा नवनाथची आजी काठावर बसून रडली. मी मध्येच म्हणत होते, ती तिथंच आहे, ती खाली बसलीये, ती पिल्लाला चाटतीये. काळ्या पडद्याकडे बघून म्हणत होते. नजर हलवली तर आवाजही हलेल असं वाटत होतं. सगळा वेळ माझे कान पाचटाकडे होते. त्यांची पावलं वाजत होती, एकसारखी नाही, चाचपडत. आणि मधूनमधून मला वाटत होतं की त्यांच्या दोन पावलांमध्ये आणखी काहीतरी वाजतंय.

"मामा, जरा थांबा."

ते थांबले. विहिरीची गोष्टही थांबली.

खसखस थांबली नाही.

हलकी होती, पाचट कुणीतरी हाताने बाजूला करावं तशी. डावीकडून येत होती की उजवीकडून ते कळेना. त्यांच्याकडे येत होती की लांब जात होती तेही कळेना. आता चुकीचं बोलले तर त्या माणसाला माझ्या शब्दाने मारीन, एवढं एकच मला समजत होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

"काही नाही. बुडखा होता मागे. या आता. सरळ या."

पावलं पुन्हा सुरू झाली. विहिरीची गोष्टही. ती खसखस काय होती ते मला आजही ठाऊक नाही.

शेवटी खिडकीबाहेर अंधारात काहीतरी पांढरं दिसलं. मी दाराकडे धावले. ते भिंतीला हात लावत, अजूनही उलट्या पावलांनी, कोपऱ्यावरून आले आणि पाठमोरेच आत शिरले. मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

खोली एवढीशी. आम्ही दोघं आणि मध्ये टीव्ही. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता. तो वर घ्यावा म्हणून हात उचलला आणि तसाच खाली सोडला. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, भिंतीशी उकिडवे बसले आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. विहिरीची गोष्ट सांगणारा आवाज याच माणसाचा होता हे खरं वाटेना.

मला ते तसंच ठेववेना.

"मामा, शेवटी मला काही दिसत नव्हतं. चित्र गेलं होतं."

त्यांनी मान हलवली. "ठाऊक हाये. वायर माझ्याच पायानं निघाली. हिसका बसला तवाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून झटकली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस माझ्याशी पुन्हा बोलणार नाही.

"मी बोललो असतो तर तू थांबली असतीस," ते म्हणाले. "मंग मी काय धरून चाललो असतो?"

रस्त्याकडून जीपचा दिवा आला. गवारी मॅडम चालकाला घेऊन बांधाच्या वाटेने पंपघरापर्यंत आल्या. रस्त्यावर आमचे आवाज पोचले होते आणि तिथला सगळा जमाव त्याने चिडीचूप झाला होता. माझा शब्द मिळाल्याबरोबर कोप्यांवरची पोरं आत घेतली होती. मॅडमनी रानाकडे दिवा मारू दिला नाही, आम्हाला सरळ जीपमध्ये बसवलं. क्रेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आडवा पडलेला सापडला, झाकण उघडं, आत कुणी नाही. सरीतल्या ओल्या मातीत तिच्या पंजांचे ठसे होते. त्यातले काही तोडलेल्या रानात, पंपघराच्या दिशेने बरेच आतपर्यंत आले होते आणि तिथून वळले होते. मॅडमनी ते मला दाखवले. मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी बघितले असतील.

पण ते सकाळचं. त्या संध्याकाळी जीप आमच्या अंगणात थांबली तेव्हा आत्या ओट्यावर उभ्या होत्या. काय झालं म्हणून त्या मला विचारत राहिल्या. मामा ओट्यावर टेकले. मी सवयीने घराच्या कडेकडेने आत जायला निघाले.

"हौसे, पाणी आण," मामा आत्यांना म्हणाले. "दोघांना."

आत्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्या आत गेल्या. मी जिथे होते तिथेच, ओट्याच्या कडेला, खाली बसले.